जावेची बहीण दारात येते तेव्हा

माझ्या धाकट्या जावेच्या बहिणीएवढी चिडकी बाई सातारा-सांगली दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायची नाही. रहिमतपूरजवळच्या एका शाळेत ती नववीला शिकवते. एसटी उशिरा आली तर चिडते, आणि वेळेवर आली तर काल का नाही आली म्हणून चिडते. पण खरा संताप तिनं राखून ठेवलाय तो घरोघर हिंडणं शिक्षकाला शोभत नाही, असं सांगणाऱ्या साहेबांसाठी. "पोरगं काय शाळेतच जन्माला येतं व्हय?" असं मलाच दरडावून विचारते, जणू तो हुकूम मीच काढलाय! शाळा सुटली की छत्री काखेत मारून निघालीच. कुणाच्याही घरात शिरली की आधी दप्तर कुठं आहे ते बघणार, मग पाणी पिणार. दप्तर हाताशी असलं तर शाळा चालू, माळ्यावर गेलं तर संपलं, असं तिचं शास्त्र.

गेल्या परीक्षेच्या तोंडावर तिच्या वर्गातली एक हुशार मुलगी आठ दिवस आली नाही. सोबतीला म्हणून हिनं मला ओढत नेलं. दारातच मुलीच्या बापानं वाकून नमस्कार केला. "या, या! घर सापडलं न्हवं लवकर?" सतरंजी काय, खुर्च्या काय, गरम पोहे काय! मला वाटलं, शिक्षकांना अजून एवढा मान आहे! मी आपली चवीनं खात बसले. तेवढ्यात आतून मुलगी आली. चौदा वर्षांची पोर, अंगावर आईची साडी, हातात चहाचा ट्रे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शिराळ्याकडचे पाहुणे तिला बघायला यायचे होते, आणि शाळेची पायरी कधी न चढलेल्या त्या बापानं आम्हालाच नवऱ्या मुलाच्या आत्या-मावशी ठरवलं होतं! त्या पोह्यांचा मला अजून राग येतो. मी बशी खाली सारली.

हिनं मात्र माळ्याकडं एकवार बघितलं आणि शांतपणे विचारलं, "वर्गमूळ काढता येतं का गं?" मुलीनं मान वर केली, बाईंना ओळखलं आणि घळाघळा रडायलाच लागली.

"आवं, सैपाक लय झ्याक करती ती," बाप घाईघाईनं म्हणाला.

"सैपाक तुमी शिका आता!" ही कडाडली. "मी हिची बाई हाय. सोमवारी गणिताचा पेपर हाय हिचा. ते माळ्यावरचं दप्तर काढा खाली. चौदा वर्षाच्या पोरीचं लगीन लावाल तर पयली तक्रार माझी. आन् पाव्हणं येऊन माघारी जाईस्तोवर मी हितनं हलत न्हाई."

हलली नाहीच. पाहुणे आले, खुर्चीतला हा जाळ बघून चहासुद्धा न घेता गेले. मुलीनं सोमवारी पेपर दिला, पुढचेही सगळे दिले.

त्या संध्याकाळी परतताना मी म्हणाले, "जिंकलीस गं बाई!" वाटलं, आता माझ्यावर खेकसेल. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. आवाज एवढासा झाला होता.

"ताई, चौथ्या दिवशी मी फोन केला होता त्या पोरीच्या घरी. आई म्हणाली, 'तापानं पडलीया.' मागं कासाराचा आवाज येत होता, पोरीच्या बांगड्यांचं माप विचारत होता. आणि मी 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवला."