सामाईक धुराडं

आमच्या घराची एक भिंत घरापेक्षा उंच होती.

गल्लीत नवा माणूस आला की तो हमखास वर बघत थांबायचा. "ही भिंत कौलातनं भाईर का आलीया वं?" असं विचारायचा, आणि गल्लीतलं कुणीतरी मोठ्या हौसेनं सांगायचं, "वाटणी झालीया त्यांची!" भिंत उंच बांधण्यामागचा हेतूच तो होता. आमचे हे आणि माझे थोरले दीर आबा, दोघे सख्खे भाऊ. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं, लांबलचक घर मधोमध भिंत घालून तोडलं आणि ती भिंत आढ्याशी न थांबता कौलं फोडून हातभर वर गेली. (कौलावरून जाणाऱ्या मांजरालासुद्धा कळलं पाहिजे ना, की आपण हद्द ओलांडली म्हणून!)

ही भिंत गेली नेमकी स्वयंपाकघरातून. तिथं सासऱ्यांच्या वेळचं विटांचं धुराडं होतं. ते कुणाच्या वाट्याला जाणार? पंच बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि शेवटी म्हणाले, "धुराडं सामाईक." मग अलीकडं आमची चूल, पलीकडं आक्कांची चूल आणि दोन्हींचा धूर एकाच नळीतून वर. धूर काही भांडलेला नव्हता, तो गुण्यागोविंदानं एकत्र जायचा.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी वाईची. लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे पडायचे. सगळ्यांच्या नकळत आक्का आपली भाकरी माझ्या टोपल्यात सरकवायच्या आणि माझे तुकडे स्वतः दुधात कुस्करून खायच्या. अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं. पण वाटणी झाली आणि यांनी बजावलं, "त्या घरात पाय टाकायचा न्हाई, बोलायचं बी न्हाई." पलीकडं आबांनीही आक्कांना हेच बजावलं असणार; दोघे भाऊ बोलत नसले तरी विचार मात्र तंतोतंत जुळायचे! विहिरीवर चोरून बोलावं, तर बातमी माझ्या घागरीच्या आधी घरी पोचायची. बरेच दिवस असे मुक्यानं गेले.

एका सकाळी भाकरी मोडली म्हणून मी स्वतःशीच करवादले, "जळलं मेलं ते पीठ, चिकटंनाच!"

चुलीतून आवाज आला, "पाणी गार घेतलंस. कढत घे."

मी उडालेच. मला वाटलं, साक्षात अन्नपूर्णा बोलली!

"क... कोण हाय?"

"मी हाय गं, आक्का. वरडू नगंस."

नळी एकच होती, त्यामुळं धुराबरोबर शब्दही इकडून तिकडं जात होते! पंचांच्या हे ध्यानात आलं नव्हतं आणि नवऱ्यांच्या तर येणारच नव्हतं, कारण ते चुलीपाशी फक्त जेवायला यायचे. त्या दिवसापासून माझा जीव पुन्हा थाऱ्यावर आला. आमटीत काय कमी पडलं, गल्लीत कोण कुणाला काय म्हणालं, दिवस राहिले तेव्हा कुठं दुखलं तर घाबरायचं आणि कुठं दुखलं तर नाही, सगळं त्या नळीतून. बाळंतपणाला वाईला गेले आणि मुलगी घेऊन परत आले, तर पोरगी दिवेलागणीला नुसती किंचाळायची. आक्का म्हणाल्या, "आण तिला हिकडं, नळीपाशी." चूल पेटवण्याआधी मी तिला धुराड्याच्या तोंडाशी धरायची, आणि पलीकडून आक्का तिच्याशी बोबडं बोलायच्या. पोरगी गप्प! (मी दिवसभर तेच बोबडं बोलायची. माझं काही तिला पटायचं नाही.)

"तुझं कपाळ रोज काळं कसं गं हुतं?" यांनी एकदा विचारलं.

"तवा घासते न्हवं?"

"कपाळानं?"

मी विषय बदलला.

मग पावसाळा आला. आमचं गाव शिराळ्याच्या अंगाला. तिकडं पाऊस बसला की उठायचं नाव घेत नाही. त्या उंच भिंतीनं आता आपले गुण दाखवले. वरच्या विटा मातीत बसवलेल्या, माथा उघडा. भिंत वरून पाणी प्यायची आणि खाली आमच्या स्वयंपाकघरात सोडायची. कौलं जिथं भिंतीला टेकत होती तिथल्या फटीतून वेगळी धार. मिठाच्या बरणीत पाणी, पापडाच्या डब्यात पाणी, पोरीच्या दुपट्यावर पाणी. शेतात पाणी आधी कुणाला यावरून भांडलेले दोघे भाऊ आता घरात आलेलं पाणी एकमेकांकडं लोटायच्या उद्योगाला लागले.

सुरुवात यांनी केली. रस्त्याच्या कामावरून डबाभर डांबर आणलं, गोणपाटाच्या पट्ट्या त्यात बुडवल्या आणि फटीवर चिकटवल्या. फक्त आपल्या बाजूच्या. उतरण्याआधी जरा दम खावा म्हणून त्याच पट्टीवर टेकले, आणि लेंग्याचा मागचा भाग कायमचा छपरावर राहिला. ते खाली कसे आले हे मी सांगत नाही. गल्लीनं पाहिलं तेवढं पुरे.

आबा पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. त्यांचं सगळं दोरी लावून. त्यांनी खटपट करून परमिटचं सिमेंट मिळवलं, भिंतीच्या माथ्यावर मधोमध दोरी ताणली आणि दोरीपर्यंत, बरोबर दोरीपर्यंत, गिलावा केला. आमच्या अर्ध्या माथ्याला थापीसुद्धा लागू दिली नाही. मग आमचे हे तरी कसे मागं राहतील? यांनीही आपला अर्धा माथा केला, पण आपलं सिमेंट त्यांच्या सिमेंटला शिवू नये म्हणून मधे बोटभर जागा सोडली! भिंतीच्या टाळूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुबक पन्हळ तयार झाली. इतके दिवस पाणी चुकतमाकत आत यायचं. आता वाट करून दिल्यावर ते रांगेनं यायला लागलं.

मग पाळी आली धुराड्याची. यांनी आपल्या अर्ध्या भागावर पत्रा ठोकला, उतार आबांच्या बाजूला. पाणी पलीकडच्या चुलीत. दुसऱ्या दिवशी आबांनी त्याच्यावर वीतभर उंच पत्रा ठोकला, उतार आमच्याकडं. यांनी त्याच्यावर. आबांनी त्याच्याही वर. पाणी आत यायचं ते यायचंच, पण धूर मात्र बाहेर जाईना.

"आक्का, तुमच्याकडं आलं का पाणी?"

"चूल इझली की गं! तुझी?"

"माझी कवाच इझली."

"मालन, आपलं दादलं लय हुशार हायती बघ."

आणि इथं मी माझी अक्कल पाजळली. "आक्का, दोघांनी एका टायमाला एकच गवंडी लावला तरच ह्ये थांबंल. ते आपुन जमवू."

आक्का म्हणाल्या, "गळू दे की गं थोडं. गळतंय तवर बरं चाललंय."

मला वाटलं, बाई थकल्या, उरक राहिला नाही. "असं कसं आक्का? पोरीच्या दुपट्याला बुरशी आली!" पोरीचं नाव काढल्यावर त्या तयार झाल्या.

त्याच रात्री यांना वाढता वाढता मी सहज म्हणाले, "थोरलं भावजी म्हणं आख्खा माथा सोताच करून घेणार हायती. एकदा त्यांचं सिमेंट बसलं की भिंत त्यांचीच म्हणायची."

घास हातात राहिला. "कोण म्हणतंय?"

"हिरीवर बोलत हुत्या बायका."

पलीकडं आक्कांनी आबांना आमच्या यांचं नाव घालून हेच वाढलं. सकाळी उजाडायच्या आत दोघे भाऊ सदा गवंड्याच्या दारात, एकमेकांकडं पाठ करून उभे! आमचा कट इतका नामी शिजला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सदा गवंडी म्हणजे काम कमी आणि फुशारकी फार अशी ख्याती. उघडीप बघून शिडी लावून वर गेला, धुराडं पाहिलं आणि हसता हसता पडायच्या बेताला आला. "आरारा! ह्ये धुराडं म्हनायचं का देवळाची दीपमाळ?" दोघे भाऊ आपापल्या कौलांवर बसले होते, मधे भिंत आणि भिंतीवर सदा.

"त्यांना म्हणावं, माझ्या कौलावर पाय द्यायचा न्हाई," आबा सदाला म्हणाले.

"त्यांना म्हणावं, पाय द्यायला तिथं कौल शाबूत हाय का?" आमचे हे सदाला म्हणाले.

"आवं, मी मदी हाय, पर तुमी दोघं बी भैरं न्हाईसा!" सदा ओरडला.

माथ्याचं भांडण लवकर मिटलं. जुनं सगळं खरवडायचं, माथ्यावर दोन्हीकडं बाहेर येईल अशी रुंद फरशी बसवायची, भिंतीत खाच पाडून तिच्यात जस्ताचा पत्रा खोचायचा आणि तो कौलांवर उतरवायचा. अडलं धुराड्यापाशी. वरच्या फरशीचा उतार कुणीकडं? ऊन कलायला लागलं तरी उतार ठरेना. शेवटी सदा वैतागला. "मग मदी इटंची पडदी घालतो, पार चुलीपातूर. ज्याची त्याची नळी, ज्याचं त्याचं झाकण. चालतंय?"

दोघांनाही पटलेलं, पण आधी हो कोण म्हणणार? सदा थापी पाटीत टाकायला लागला. हा गेला, की एवढं जमवलेलं फुकट! आणि मी, घरची धाकटी सून, डोक्यावर पदर घेऊन अंगणातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "चालतंय, चालतंय! घाला पडदी!"

आत आले तर धुराड्यातून आक्कांची हाक. "मालन, आगं, पडदी म्हंजे..." तेवढ्यात वर ठोकाठोक सुरू झाली.

"व्हय आक्का! आता कोरडं हुतंय बघा!" मी आनंदानं ओरडले.

दुसऱ्या दिवशी सदा आत आला आणि चुलीपासून विटा रचत रचत नळीच्या पोटातून वर गेला. मी स्टोव्हवर त्याला चहा करून दिला. वर आलं घातलं.

पुढचा पाऊस धो धो आला. भिंतीवर एक थेंब नाही. हे हात फिरवून फिरवून भिंत बघत होते. सदा तर दुसऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन आमची भिंत दाखवायला यायला लागला. मी चुलीपाशी वाकले. "आक्का, एक थेंब न्हाई!"

मी आणखी वाकले, डोकं पार नळीच्या तोंडाशी नेलं.

"आक्का?"

माझाच आवाज विटेला लागून परत आला. गळतंय तोवर बरं चाललंय, असं आक्का का म्हणाल्या, ते मला तेव्हा कळलं. वाईच्या शाळेत माझा पहिला नंबर यायचा, हेही इथं सांगून टाकते.

मग मी लाटण्यानं भिंत ठोकून पाहिली. पलीकडून दोन ठोके आले! पण पोरीला जुलाब होताहेत, हे ठोक्यात कसं सांगायचं? तरी आम्ही ठोकत राहिलो. "उंदीर झाल्यात," म्हणून यांनी पिंजरा आणून भिंतीशी ठेवला. बहुधा आबांनीही ठेवला असावा, कारण पलीकडचे ठोके बंद झाले. दिवेलागणीला पोरगी रडायला लागली की मी सवयीनं तिला धुराड्याशी न्यायची. ती त्या भोकाकडं टक लावून वाट बघायची, आणि मग दुप्पट रडायची. मिठाची बरणी भिजली असती तर काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं. मीठ बाजारात मिळतं.

दिवाळीनंतर आबांना सांगलीत राखणदारीची नोकरी लागली. बिऱ्हाडाची बैलगाडी दारात उभी राहिली. मी पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होते, हे माझ्या मागं. आक्का गाडीत चढता चढता थांबल्या. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. मग आबांना म्हणाल्या, "थंडी पडलीया. त्यांना म्हणावं, पोरीच्या टाळूला रोज कोमट तेल घाला."

मी मान हलवली. गाडी एस.टी.च्या रस्त्याला लागेपर्यंत मी मान हलवत होते. त्यानंतर आक्का त्या घरात राहायला आल्या नाहीत.

संध्याकाळी चूल पेटवून मी बसले. तेल कोमट केलं, पोरीच्या टाळूवर घातलं, आणि मला काही आवरेना. हे जेवायला आले.

"रडतीयास व्हय गं?"

"न्हाई वं. धूर गेला डोळ्यात."

यांनी चुलीकडं बघितलं, वर धुराड्याकडं बघितलं, स्वच्छ कोरड्या भिंतीकडं बघितलं. "धूर?" हे म्हणाले. "सदानं बांधल्यापासनं घरात धूर ऱ्हातोय कुठं?"

खरंच होतं त्यांचं. अंगणात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून, मी इतकं पक्कं काम करून घेतलं होतं की स्वतःला रडायला साधं निमित्तसुद्धा ठेवलं नव्हतं!