सतराव्या ओळीतली खिडकी

जुलैचा दुसरा रविवार, दिवेलागणीची वेळ, पुणे स्टेशन. हजर: मी, नवरा सुनील, मुलगी तन्वी. सामान: दोन बॅगा, गादीची एक गुंडाळी, एक बादली, बादलीत मग, मगात साबण. गैरहजर: अमरावतीजवळच्या वलगावचे माझे बाबा आणि अकोल्याच्या सासूबाई. नातीनं शिकायला आपल्या गावाजवळ यावं असं दोघांनाही वाटत होतं. ते एकाच्याच वाट्याला येणार होतं, आणि कुणाच्या ते माझ्या वहीनं ठरवलं होतं.

सुनील खिडकीच्या गजांना धरून गाडीबरोबर चार पावलं चालला. मग त्याचा हात सुटला आणि फलाट मागे गेला.

चोवीस वर्षांपूर्वी मी निघाले ती उलट दिशेनं, बडनेऱ्याहून. तेव्हा हजर: बाबा, आई, धाकटा भाऊ आणि चार दिवसांपूर्वी नवरा झालेला सुनील. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांनी सामानाचे नग दोनदा मोजले. ही खोड मला त्यांच्याकडूनच आली. गाडी हलताना म्हणाले, "बाकी काय सोडाचं ते सोड पोरी, बोली नको सोडू."

मी सहा महिन्यांत सोडली ती नेमकी बोलीच. पुण्यात एका दवाखान्याच्या स्टोअरला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "मले चावी द्या, मी केव्हाची शोधून राहिली." शेजारच्या टेबलावरची बाई दचकून म्हणाली, "अहो, भांडताय कशाला?" त्या दिवसापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घेऊ लागले. काम आवडलं. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं, हे रोज लिहायचं. घरीही वही ठेवली. फ्लॅट कुठं घ्यायचा, तन्वीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं वहीत रकाने आखून ठरलं. सुनील कधी वाद घालत नसे. "वहीत आहे ना? मग झालं," एवढंच म्हणायचा.

पण दुपारी जेवणानंतर स्टोअरच्या खुर्चीत जरा डोळा लागला, की वलगाव यायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं तसंच. पेरणीआधीचं काळं शेत, ते कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नाही, आणि मधोमध एकच झाड. त्या शेतात कधी कुणी चालत नसायचं. वारासुद्धा नाही. दोन-तीन मिनिटांत फोन वाजायचा आणि मी कापसाच्या पाकिटांची ऑर्डर लिहायला घ्यायचे.

तन्वीनं शेतीशास्त्र शिकायचं ठरवलं तेव्हा सोसायटीतल्या बायका हसल्या. "तिकडची मुलं इथं शिकायला येतात, तुम्ही उलट पाठवताय." तन्वीचं म्हणणं सरळ होतं: कापूस आणि संत्रं जिथं होतं तिथंच ते शिकावं. खासगी विद्यापीठं दोन निघाली. एक अकोल्याबाहेर, एक अमरावतीबाहेर.

मे महिन्यात एकाच दिवसात दोन्ही पाहिली, सकाळी अकोला, दुपारी अमरावती. दोन्हीकडे हिरव्या काचांची इमारत, तीन कमानींचं गेट, बंद कारंजं. दोन्हीकडे कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा. दोन्ही माहितीपत्रकांवर पांढऱ्या कोटातली, हातात रोपटं धरलेली मुलगी; आणि मला आजही वाटतं, मुलगी एकच होती. मुद्दे मी पंचवीस काढले होते. प्राध्यापक, प्रयोगशाळा, पाणी, वसतिगृहाची जाळी, दवाखाना किती लांब. रकाने मात्र मोकळेच राहिले, कारण उन्हानं डोकं चालत नव्हतं.

ते भरले संध्याकाळी परतीच्या गाडीत. बडनेरा सुटलं होतं, मूर्तिजापूर यायचं होतं. बाहेर उन्हाचा रंग उतरत चालला होता, नांगरलेली जमीन सारखी मागे सरकत होती, तन्वी माझ्या खांद्यावर झोपली होती. मी आठवून आठवून खुणा करत गेले. सतरावा मुद्दा होता खिडकी. एका वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरून क्षितिजापर्यंत काळी जमीन आणि मधोमध एक बाभूळ दिसली होती. मी लिहिलं, "खिडकीतून शेत, एक झाड," आणि खूण केली अमरावतीच्या रकान्यात. हात अडखळलासुद्धा नाही.

बाकी चोवीस मुद्दे बरोबरीत सुटले. घरी तन्वीनं वही वाचली, सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हेच." सुनीलनं वही मिटली. मग नेहमीचं वाक्य म्हणाला आणि आईला फोन लावायला बाल्कनीत गेला.

तर त्या जुलैच्या प्रवासात सकाळी अकोला आलं. सासूबाई फलाटावर उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. सत्तरी ओलांडलेली बाई, रिक्षा करून एकटी आलेली. डबा खिडकीतून आत देत तन्वीला म्हणाल्या, "ठेचा जपून खाजो, पुणेरी जीभ तुही." मग माझ्याकडे बघून, "म्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. राहू दे तसाच. सुट्टीले येईल पोरगी." गाडी हलली. त्यांनी हात केला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

दुपारी अमरावतीच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर, मी तन्वीच्या खोलीची खिडकी उघडली. समोर पाण्याच्या चार टाक्या, त्यामागे मेसचं पत्र्याचं छप्पर. शेत नव्हतं. झाड नव्हतं. मी शेजारच्या खोलीत जाऊन पाहिलं, मग जिन्यातून. आणि तिथं जिन्यात उभी असताना मला मे महिन्यातली ती सकाळ जशीच्या तशी दिसली. ती खिडकी अकोल्याची होती.

तन्वी गादी पसरत होती. मी परत खोलीत आले. बादलीतून मग काढला, मगातून साबण काढला, साबण कुठं ठेवायचा ते तिला समजावून सांगितलं.

प्रवेश बदलायला शनिवारपर्यंत मुदत होती. मी वलगावला बाबांकडे राहिले. घरामागच्या शेतात आता प्लॉट पडले आहेत, झाड केव्हाच गेलं आहे. बाबा रोज विचारायचे, "जेवून काहून नाही राहिली तू?" शुक्रवारी सकाळी मी तन्वीला फोन केला आणि सांगून टाकलं. खिडकी अकोल्याची होती. अजून एक दिवस आहे.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. माझ्या फोनमध्ये फोटो होते."

"मग काहून नाही बोलली?"

"बघ, आता तू भांडून राहिली," तन्वी हसली. हे 'राहिली' तिनं पाच दिवसांत कुठून उचललं कोण जाणे. मग म्हणाली, "आई, दोन्ही सारखीच होती. वहीत तुझी चूक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. म्हटलं, जिथलं आठवून तू चुकतेस ते गाव तरी बघू." आणि फोन ठेवता ठेवता, "पण अकोल्याच्या आजीला तू सांग. ते मी नाही सांगणार."

पुण्याला परतल्यावर सुनीलला सांगितलं. त्यानं वही घेतली, सतरावी ओळ बराच वेळ पाहिली. "वहीत आहे ना," म्हणाला, आणि पुढचे दोन शब्द म्हणाला नाही.

तुम्ही जे वलगावला राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला सांगते: घर कुठलं असं विचारलं की मी इतकी वर्षं पत्ता सांगायचे, पिनकोडसकट. आता वाटतं, जिथली गोष्ट मी न बघता लिहिते आणि चुकते, ते घर. आणि माझ्या त्या चुकीपायी जिथं एक कप्पा रिकामा राहिला, तेही माझंच घर, कारण तिथं मला जाब द्यायचा आहे.

आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. सासूबाईंचा डबा धुऊन ओट्यावर ठेवला आहे. वहीत लिहिलं आहे: अकोला, स्वतः जाऊन, समोर बसून, फोनवर नाही. डब्यात तिळाच्या वड्या. वड्या दोनदा केल्या, दोनदा घरातच संपल्या. त्या ओळीपुढं खूण व्हायची आहे.