हिरासिंगचा बाभळीचा काटा

मुकुटबनजवळच्या तांड्यात नेट बंद पडलं की हिरासिंगकडं एकच औषध होतं, बाभळीचा काटा. मोडेमच्या मागच्या रिसेटच्या बारक्या भोकात तो दाबून धरायचा, मोडेम कंपनीतून आल्यासारखा कोरा व्हायचा अन् नेट सुरू, झालं! बायकोला, नंदाबाईलाही त्यानं हे मोठ्या तोऱ्यात शिकवलं होतं.

पण गेल्या महिन्यात या गड्यानं वेगळा राउटर आणला. टेलिफोनचा रिटायर लाइनमन डोमाजी, त्यानं मोडेम 'ब्रिज'वर लावून दिला. म्हणजे मोडेमनं नुसती लाइन पुढं सोडायची, पासवर्ड लावून नेट जोडायचं काम राउटरचं. पार निंबाखालपर्यंत वायफाय पोचलं, हिरासिंगची छाती फुगली. आता काटा लावायचा नाही, एवढं मात्र घरात सांगायचं राहून गेलं.

आज लेकीची, वर्षाची, नर्सच्या नोकरीसाठी नागपूरच्या दवाखान्याशी लॅपटॉपवर मुलाखत होती. पोरगी केस विंचरून बसली अन् नेट अडखळायला लागलं. नंदाबाईनं घाईघाईनं काटा खुपसला. डोमाजीनं बसवलेलं सगळं पुसलं गेलं.

"कायले हात लावला व!" हिरासिंग खेकसला.

"तुमीच त शिकवलं होतं," नंदाबाई रडवेली झाली.

मोडेमात लाइनचे आकडे पुन्हा भरायचे होते, अन् ते याला कुठले यायला! ते डोमाजीलाच ठाऊक. घरात मोबाइलला रेंज नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं तर कसंबसं बोलता येतं, बस.

"बा, गाडी काढा ना. फाट्यावर चांगली रेंज येते, मोबाइलवरूनच बोलीन मी," वर्षा काकुळतीला आली.

"थांब जराशी. तांड्यात नेट आणलं मी, अन् माही पोरगी रस्त्यावर उभी राहून मुलाखत देणार? लोक काय म्हणतीन मले?"

अरे, लोक गेले खड्ड्यात! पण नाही. हा धावत टाकीवर चढला. डोमाजी फोन उचलेना. खाली वर्षा रडत होती, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. फोन लावून लावून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी डोमाजीनं उचलला, आकडे सांगितले. हिरासिंग खाली आला, आकडे भरले, चुकले, पुन्हा भरले.

राउटरचा दिवा हिरवा झाला. वर्षानं झडप घालून मुलाखतीचं पान उघडलं. पलीकडचे लोक मुलाखत आटोपून निघून गेले होते.

तिनं लॅपटॉप मिटला. बापाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"काका, आलं हो नेट!" निंबाखाली मोबाइल घेऊन बसलेला शेजारचा सेवादास खुशीत ओरडला. "लय जोरात चालून राह्यलं!"

हिरासिंगच्या हातात गाडीची चावी होती. ती त्यानं कधी उचलली, त्यालाच आठवेना.