रेसच्या गाडीतून मुलाखतीला
जळक्या ऑइलचा वास आला की मला आयर्लंडमधल्या लेटरकेनीजवळचा तो रस्ता आठवतो. बायकोची हॉस्पिटलात मुलाखत होती, आणि पुण्यात जन्मभर पंपावरच्या माणसाकडून टाकी भरून घेतलेल्या मी आमच्या डिझेलच्या गाडीत स्वतःच्या हाताने, मोठ्या रुबाबात पेट्रोल भरलं होतं. गाडी बंद पडली. बायको खाली उतरून, घड्याळ बघत, येणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. तेवढ्यात धडधडत, जळक्या ऑइलचा धूर सोडत एक जुनी, उघडी, दोनच सीटांची रेसची गाडी येऊन थांबली. चालवणारा म्हातारा जुन्या गाड्यांच्या रॅलीला निघाला होता. "माझे आजोबा अमेरिकेत आधी एका शेठचे ड्रायव्हर होते, मग रेसर झाले," तो म्हणाला. "हिच्यातच दोनदा हाडं मोडून घेतली. शेजारी मेकॅनिक बसायचा, इंजिनाला तेल पोचावं म्हणून हाताने पंप मारत. चला, कोण येतंय?" "मीच येते. याला आता पंपाजवळ नको," म्हणत बायको चढली आणि इस्त्रीच्या कोटात पंप मारत वळणाआड गेली. तासाभराने म्हातारा माझ्यासाठी परत आला. "पोचली वेळेवर. ग्रँड मेकॅनिक आहे तुझी बायको." "आणि तुमची रॅली?" "ती काय, पुढच्या वर्षी." तिला नोकरी लागली, आम्ही इथलेच झालो. अजूनही रस्त्यात कुणी अडकलेलं दिसलं की मी थांबतो. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण माणसाला जायचं तिथे सोडता येतं.