दुःखाच्या घरी चहा न घेणारे रशीदभाई

रशीदभाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यावर पुस्तक निघणार आहे आणि त्यात मीही लिहायचं, असं सांगायला मंडळी घरी आली तेव्हा मला हसूच फुटलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण भाईंसाठी नाही कसं म्हणणार? शिकल्यासवरल्या लोकांच्या लेखांत माझाही लेख छापून येणार, या आनंदात सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं आहे. नात गौरी म्हणते, "आजी, आधी गॅस बंद कर, मग लिही."

भाईंची पहिली ओळख गाद्यांवरून झाली. श्रीरामपुरात त्यांचं गाद्यांचं दुकान. माझ्या दत्ताचं लग्न ठरलं तेव्हा मी गाद्या घ्यायला गेले आणि कापूस कसा आहे ते बघायला एका गादीची शिवण उसवून आत हात घातला.

भाई म्हणाले, "वैनी, गादी घ्यायला आलात का झडती घ्यायला?"

"सरकी लागती हाताला."

"लागली तर गादी परत आना. नवरदेव मातर परत आनू नका, आमी घेत न्हाई."

दुकानातली सगळी माणसं हसली. त्या गाद्या अजून आहेत. एकीवर आमची मांजर बाळंत झाली, पण ते असो.

भाई तरुणपणी मस्कतला ट्रक चालवायचे. तिथे त्यांच्या खोलीतला एक सोबती वारला. त्याच्या घरी फोन लावायला कुणी धजेना. तो भाईंनी लावला आणि त्याचा देह गावी पोहोचेपर्यंत सगळ्या खटपटी केल्या. तेव्हापासून आपल्या भागातलं कुणी परदेशात वारलं की लोक भाईंना शोधत येतात. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, देह टिकावा म्हणून औषध भरल्याचा दाखला, आपल्या वकिलातीची परवानगी, मग विमान. हे सगळं मला आता ठाऊक आहे, कारण आमच्यावरही ती वेळ आली.

दत्ता आधी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, पुढे मस्कतला गेला. एके दिवशी आमचे थोरले दीर, नाना, सांगत आले, "दत्ताला दवाखान्यात ठिवलंय. काळजीचं काय न्हाई." मग माझी सून सविता हिचा मोबाईल त्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली काढून नेला. टीव्हीची वायर निघाली. शेजारणी येऊन भिंतीकडे बघत बसू लागल्या. आपल्याकडे अशीच रीत आहे. बाईला एकदम सांगायचं नाही. माणसं हे मायेपोटीच करतात, मी त्यांना बोल लावत नाही. पण चूल पेटलेली आणि जेवायला कुणी बसत नाही, हे आम्हा दोघींना काय कळत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी भाई आले. देह घरी आणायचा की तिथेच विधी करायचा, त्याला बायकोची सही लागते. नाना ओट्यावर हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्याचा कागद हाय म्हनून घिऊन टाकू सही. बाईमानूस हाय, हंबरडा फोडंल."

भाई म्हणाले, "फोडू द्या की नाना. सही तिची पाहिजे, तर बातमीबी तिचीच हाय."

मी आत चहा ठेवला होता. भाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि खाली बसले.

"वैनी, आज चहा नको. सविता, बेटा, दत्ता गेला. झोपेत गेला. त्याच्या खोलीतल्या पोरांशी मी सोता बोललोय."

मी तिथंच बसकण मारली. सविता रडली नाही. तिने विचारलं, "आता कुठं हायेत?"

"दवाखान्यात, थंड खोलीत. आनायचं का तिथंच ठिवायचं, ते तू सांगायचं. नाना न्हाई, मी न्हाई."

"घरी आना."

"आनतो. टाईम लागंल. अंगात काय घालायला सांगू?"

"निळा शर्ट. बॅगेत तळाला हाय. इस्त्री मोडू नये म्हनून मीच मधी पेपर घातलाय." एवढं बोलून ती रडली.

भाईंनी मोबाईल परत द्यायला लावला. तेव्हापासून त्यांचा रोज फोन, तोही सविताला. आज कोणता कागद झाला, कोणता अडला. शुक्रवारी तिथे सुटी, तरी फोन आला, "आज काय झालं न्हाई बेटा, एवढंच सांगायचं हुतं." त्या फोनवर आम्ही दिवस काढले. भावकीत कुणी म्हणत होतं, दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घ्या, किती वाट बघायची. सविता म्हणाली, "भाई आनतो म्हनलेत."

आणि आणलं. भाई स्वतः मुंबईला गेले, ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसून आले. पेटी उघडली. निळा शर्ट, घडीसुद्धा तशीच. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. दत्ता वरचं बटण कधी लावायचा नाही. सविताने हात घालून ते सोडलं, कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "आता न्या." खांदा द्यायला नानांनीच भाईंना हाक मारली.

एवढं करून माणसाने घोटभर पाणी तरी घ्यावं! मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दुःखाच्या घरी चहा न्हाई वैनी. कधीतरी चांगल्या कामाला बोलवा."

आता भाईंची तब्येत पूर्वीसारखी नाही. कुठे अशी बातमी सांगायची वेळ आली की ते सविताला बोलावून घेतात. ती एसटीने जाते, त्या घरातल्या बाईजवळ बसते आणि सरळ सांगते. परवा मी विचारलं, "तुला जमतं कसं गं?" तर म्हणाली, "आत्या, लपवलेलं जास्त जड असतं."

गेल्या महिन्यात गौरीचा, दत्ताच्या लेकीचा, साखरपुडा झाला. मुलगा श्रीरामपूरचाच. भाई टोपी घालून, अत्तर लावून सगळ्यांच्या आधी हजर. मी चहा ठेवला आणि दाराआडून बघत राहिले. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुर्र करून प्यायले, आणि म्हणाले, "वैनी, साखर कमी हाय."

"शुगर हाय ना तुमाला?"

"आज न्हाई."

माझा आनंद काय सांगू! मी दोन चमचे साखर घातली, दुसरा कप भरला.

भाई, तुमचं शरीर धडधाकट राहो, गुडघे दुखायचे थांबोत. अशा बातमीसाठी तुमचा फोन कधी वाजू नये आणि चहासाठी बोलावणाऱ्या घरांना तुम्हाला पुरं पडता येऊ नये, एवढंच मी देवाकडे मागते. गौरीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात आहे. गाद्या तुमच्याच दुकानातून घेणार. शिवण मात्र उसवून बघणार.