मिठाईच्या पेटीतली पैनगंगा

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, यवतमाळला आमच्याकडे आले ते रुसूनच आले. मुकुटबनच्याही पलीकडे, पैनगंगेच्या काठावर त्यांचं घर आणि शेत. सगळा जन्म तिथंच गेलेला. सासूबाई वारल्या, मग मामाजींचे पाय संधिवातानं धरले, चालणं बंद झालं, आणि आमच्या यजमानांनी त्यांना आधी बैलगाडीत आणि मग मोटारीत घालून घरी आणलं. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, ते दिवस. मामाजी येईल त्याला सांगत, "सरकारनं जिल्हा उचलला, लेकानं बाप उचलला. इचारलं कोणालेच नाई."

मधल्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. तिथून दिसायचं काय, तर वाड्यातली विहीर आणि तिच्यावर घागरीसाठी भांडणाऱ्या बाया. यवतमाळात पाण्याची तेव्हाही बोंबच होती. ज्यानं आयुष्यभर सकाळी उठून नदी बघितली, त्यानं हा तमाशा बघत पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. मामाजी जेवेनात. ताट यायचं तसं परत जायचं. एके दिवशी त्यांनी लेकाला समोर बसवून निकाल दिला, "दिवाळीले मले गावी नेऊन सोड. पुतण्या हाये, नदी हाये. तिथं मरतो सुखानं."

आमचे यजमान कचेरीत कारकून. भांडण त्यांच्या स्वभावात नाही, आमच्या घरी ते खातं माझ्याकडे आहे. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहा बाबा. तेव्हाही हेच मन असेल तर नेऊन सोडतो." बापलेकाचं ठरलं. मी स्वयंपाकघरात होते, तिथंच राहिले.

पुतण्या माणूस भला, पण त्याच्या घरी म्हाताऱ्याचं करणारं कोणी नव्हतं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गावाचा रस्ता तुटतो, मग डॉक्टर कुठला आणि औषध कुठलं. अशा पायांनी हे गृहस्थ तिथं एक पावसाळाही काढतील असं मला वाटत नव्हतं. शिवाय लोक काय म्हणाले असते, की सुनेनं हाकलला. मी फटकळ म्हणून आळीत आधीच नावाजलेली. तेव्हा दिवाळीच्या आत या माणसाचं मन वळवायचंच, असा मी हट्ट धरला.

युक्ती सुचली ती यजमानांच्या साहेबांच्या बंगल्यावर. हळदीकुंकवाला गेले होते. दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी, तिच्यात पाणी, मासे आणि हिरवी झुडपं. साहेबीणबाई म्हणाल्या, "हात लावू नका, मुंबईहून आणलीय." मी हात लावला नाही. पण वाटेतच यजमानांना सांगून टाकलं, की मामाजींना नदीवर नेता येत नसेल तर नदी घरी आणू. ते म्हणाले, "ताप आलाय का तुला?"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक चाचा होते. कंदील, तसबिरीच्या चौकटी आणि हलवायांसाठी काचेच्या पेट्या करत. त्यांना मी सांगितलं, मिठाईची पेटी करतात तश्शीच करा, फक्त वरून उघडी ठेवा. कशाला ते सांगितलं नाही, कारण हसले असते. पेटी सुरेख झाली. खिडकीशी, खाटेला लागून ठेवली, पाणी ओतलं आणि ती चारही बाजूंनी गळायला लागली. मामाजींची खाट, गादी, खालचा सतरंजीचा तुकडा, सगळं ओलं. मी तणतणत चाच्यांना बोलावून आणलं. त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "भाभी, ये पेटी बर्फी के वास्ते है. बर्फी कभी टपकती नहीं." मग त्यांनीच ती उचलून नेली, सांध्यांत डांबर आणि काचेला लावतात ती लांबी भरली, आणि पाणी भरून स्वतःच्या दुकानात ठेवून बघितली. हलवायांनी विचारलं तेव्हा म्हणे त्यांनी सांगितलं, कारकूनबाईंनी दर्या मागवलाय.

साहेबांच्या पेटीत सगळं पाण्यातच होतं. मला काठ हवा होता. म्हणून पेटीच्या एका बाजूला गोटे रचून वाळूचा उतार केला, अर्धा पाण्यात, अर्धा वर. वाळू, गोटे आणि झाडं गावच्याच घाटावरची हवीत, असं मामाजींनी खाटेवरून फर्मावलं. तोंडानं अजून "कायचा पोरखेळ करून राह्यली" म्हणत होते, पण फर्मान सोडलं. यजमान रविवारी जाऊन पोतं भरून घेऊन आले. पोतं मोटारीच्या टपावर ठेवलं होतं. त्यातली पैनगंगा वाटभर खालच्या प्रवाशांच्या टोप्यांवर ठिबकली, आणि आमच्या गरीब माणसानं आयुष्यात पहिल्यांदा भांडण केलं. हरले, पण केलं.

उतारावर चमकोरा लावला, म्हणजे तुमचा अळू. पाण्याच्या कडेला लव्हाळा आणि ब्राह्मी, आत पाणवनस्पती, आणि एक करंजाचं वाकडं मूळ, काठावरून पाण्यात उतरलेलं. पहिल्या आठवड्यात सगळ्याची पानं पिवळी पडून गळाली. मामाजींना आनंद झाला. "बाई, वाळू काहून धुतली तू? भांडे घासते का नदी?" हे त्यांचं खरं होतं, मी वाळू पांढरीशुभ्र होईपर्यंत धुतली होती. मग त्यांच्या सांगण्यावरून वाळूखाली गाळ घातला आणि झाडांनी जीव धरला. पण एकदा खरं ठरल्यावर माणूस थांबतो का? "आता शेणखत टाक." मी नको म्हटलं. तर मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी यजमानांकडून टाकून घेतलं. मग काय विचारता. पाणी काळंकुट्ट झालं, आणि वास असा की भिंतीपलीकडच्या काकू विचारायला आल्या, तुमच्याकडे म्हैस घेतली का. यजमान रबरी नळी तोंडात धरून ते पाणी ओढून काढायला बसले, आणि पहिला घोट त्यांच्या पोटात गेला. त्या दिवशी मी सासऱ्यांना पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, "मामाजी, हे वावर नाही, घर आहे." ते म्हणाले, "मंग चमकोरा कायले लावला वो?" आणि त्या रात्री त्यांनी अख्खी भाकर खाल्ली. भांडण झालं की या माणसाला भूक लागते, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी औषधासारखं रोज थोडं भांडायला लागले.

पाणी निवळलं, गाळ बसला, चमकोऱ्याची पानं पेटीच्या वर आली, आणि पुतण्यानं घाटावरच्या मासोळ्या डब्यातून पाठवल्या. सकाळचं ऊन खिडकीतून पाण्यात शिरलं की करंजाच्या मुळाशी मासोळ्या यायच्या. मामाजी कुशीवर वळून तास न् तास बघत राहायचे. माझं काम फत्ते झालं असं मला वाटत होतं, इतक्यात आळीला समजलं की आमच्या घरी खरीखुरी पैनगंगा आहे.

पहिल्या आल्या त्या भिंतीपलीकडच्या काकूच. हात जोडले, हळदकुंकू वाहिलं, वर मूठभर तांदूळ. पाणी पिवळं. मी काही म्हणेपर्यंत त्यांनी आचमनही घेतलं. ज्या पाण्यात मागच्या महिन्यात शेण होतं, ते. मनात म्हटलं, पुण्य लागलंय, लागू द्या. मग बायांची रीघ लागली. नदी लांब, विहिरीला पाणी नाही, आणि इथं गंगा खिडकीशी. कोणी बेल टाकी, कोणी निर्माल्य. अनंत चतुर्दशीला तर पलीकडच्या आळीतला एक कुटुंबप्रमुख ताशासकट गणपती घेऊन दारात उभा. मामाजी खाटेवरून ओरडले, "हात लावशीन तर तंगडं तोडीन. माह्या मासोळ्या हायेत त्याच्यात." पाय स्वतःचे चालत नाहीत आणि दुसऱ्याचं तंगडं तोडायला निघाले. गणपती परत गेला. कोजागिरीला कार्तिकस्नान सुरू झालं, आणि काकूंनी कार्तिकातला दिवा द्रोणात घालून पेटीत सोडला. तो तरंगत काठाला लागला आणि चमकोऱ्याचं सगळ्यात मोठं पान भाजून निघालं. मामाजींनी काकूंशी बोलणं टाकलं. काकूंनी दिवे टाकणं टाकलं नाही.

आणि दिवाळी आली. मला वाटलं, विसरले असतील. नाही. पाडव्याच्या सकाळी म्हणाले, "निघाचं ना?" यजमानांनी शब्द दिला होता. मी त्यांचे कपडे धुऊन घडी घातले, बिस्तरा बांधला, औषधाच्या बाटल्या चिंधीत गुंडाळल्या. कोणाशी भांडावं तर तेही सुचेना. इतके महिने खपून हात शेणाचे केले, ते कशासाठी, असं होऊन मला रडू येत होतं. लोक काय म्हणतील ते आता कोणाला पडलं होतं? मला म्हातारा हवा होता.

मोटार, मग पुतण्याची बैलगाडी, असे आम्ही तिघं निघालो. गाडी थेट घाटावर नेली. पाणी भरपूर होतं, काठावर लव्हाळा डुलत होता. मामाजींनी नदीला हात जोडले आणि बराच वेळ बघितलं. पुतण्या म्हणाला, "काका, खोली सारवून ठेवली. बिस्तरा उतरवू का?"

घाटावर बाया द्रोणांतून दिवे सोडत होत्या. मामाजी एकदम माझ्याकडे वळले. "घराची चावी कोणापाशी ठेवली?"

"काकूंपाशी. पेटीत पाणी घालायला कोणीतरी हवं ना."

"कार्तिकात? त्या बाईपाशी?" त्यांचा चेहरा लाल झाला. "अक्कल हाये का तुले? जाळून ठेवलं असन तिनं सारं." आणि पुतण्याला म्हणाले, "बैल सोडू नको, फिरव गाडी."

पुतण्या गोंधळला. "पण काका, तुम्ही तं राहाले आले ना? नदीपाशी?"

"नदीले मी काय करू? ते आपलीआपली वाहते," मामाजी म्हणाले. "तिकडे पेटी हाये अन् हे सून हाये. दोघींवर कोणी वरडलं नाई का बिघडतात."

एरवी मी याला उत्तर दिलं असतं, चांगलं ठणकावून. पदर तोंडाला लावून मी नदीकडे बघत बसले आणि काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.