इस्माईलभाईंच्या पुढच्या चाकातला कोन

हे मी कुणापाशी बोललेलो न्हाई. बायकोपाशी न्हाई, दुकानात रोज येऊन बसणाऱ्या दोस्तांपाशी न्हाई. तुम्हालाच का सांगून राह्यलो — काय माहीत. ऐका, झालं.

जालन्यात मस्तगडला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिकडं लढाई पेटली अन् इकडं विलायती माल बंद झाला. सगळ्यात जास्त अडायचं ते कोनापाशी. कोन म्हणजे चाकाच्या आसावरची पोलादी टोपी — तिच्यावर छर्रे, म्हणजे बारक्या पोलादी गोळ्या, फिरतात. ती झिजली की चाक डगडगतं, मंग छर्रे फुटतात. औरंगाबाद पालथं घातलं, हैदराबादला जाणाऱ्यांना सांगून ठेवलं. कोन कुठंच न्हाई.

न्हाई म्हणतो — पण एक जोडी होती. माझ्याच पेटीत, मेणकागदात गुंडाळलेली, कोरी करकरीत. माझ्या सायकलसाठी ठेवलेली. माझ्या सायकलला असं काय मोठं काम होतं? महिन्यातून एकदा भोकरदनला, सासुरवाडीला जायची. जावयाची सायकल आवाज न करता गेली पाहिजे. बस, एवढंच!

इस्माईलभाई डाकवाले होते. तीर्थपुरीकडच्या खेड्यांत टपाल वाटायचे. सायकल चालली तर नोकरी, न्हाई तर न्हाई. त्यांच्या पुढच्या चाकाचा कोन पार गेल्ता. तीन खेपा आले बिचारे. "कुछ मिला क्या रे?" मी तिन्ही खेपेला न्हाई म्हणून मान हलवली.

चौथ्या खेपेला काय केलं सांगू? जुनाच कोन घासला अन् बैलगाडीचं वंगण ठासून भरलं. गिऱ्हाईक चाक उचलून हलवून बघतं ना — वंगण घट्ट असलं की चाक हलत न्हाई. चार-आठ दिवस निभतं. हे आमच्या धंद्यात सगळेच करायचे, पण गिऱ्हाइकाला सांगून करायचे — बाबा, उतार आला की उतरून चाल. एवढं तरी इमान सगळे पाळायचे. मी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ते पाचव्यांदा आले असते, अन् मला त्यांचं तोंड बघायचा कंटाळा आल्ता.

"कोन न्हाई मिळाला, भाई. पण जुनाच बराबर बसवलाय. बिनघोर जा."

पाचव्या दिवशी उतारावर चाक जाम झालं. गुडघा फुटला. पुन्हा वाकलाच न्हाई. नोकरी गेली. त्यांची बायको, आमच्या भाभी, लोकांचे कपडे शिवायला लागल्या.

वाईट वाटलं का? वाटलं असेल. मला आठवतंय ते इतकंच, की त्याच आठवड्यात मी ती जोडी माझ्या चाकाला बसवली. अन् त्याच सायकलवर त्यांना बघायला गेल्तो.

खाटेवर पडलेले. भोवती चार माणसं बसलेली, त्यातला एकजण माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटला. तर इस्माईलभाई त्याच्यावरच उखडले, "इसकू कुछ मत बोलो. इसके पास माल होता तो मेरे कू देता."

 मला लाज वाटली न्हाई, रडू आलं न्हाई — आत काही हललंच न्हाई. भाभींनी चहा आणला. तो प्यालो. अन् अजून अर्धा कप मागून घेतला.